वणव्याचा धूर आणि उपग्रहाची दृष्टी

माघ सरत आला की सीमाभागातील शिवारात एक परिचित वास दरवळू लागतो. निपाणीकडील दूधगंगा-वेदगंगेच्या खोऱ्यात उसाच्या तोडी उरकत आलेल्या असतात आणि फडात उरलेले पाचट पेटविले जाते. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या डोंगराळ पट्ट्यात आणि शेजारच्या चंदगड तालुक्यात भाताच्या तरव्यासाठी भाजावळीची तयारी सुरू होते. उतारावरचे वाळलेले गवत एखाद्या विडीच्या थोटकानेही पेट घेते. शेतातला जाळ शेतात राहिला तर गोष्ट वेगळी. पण वारा फिरला की तोच जाळ बांध ओलांडून रानात शिरतो, आणि त्याचा धूर तर कोणाच्याच हद्दी मानीत नाही.

अशाच एका संध्याकाळी सीमाभागातील एका शाळेत माहितीपट दाखविण्याच्या निमित्ताने जाण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. कार्यक्रम संपल्यावर सातवीतील एका मुलीने विचारले, ‘‘सर, आमच्या फडातला धूर उपग्रहाला दिसतो काय?’’ मागे उभ्या असलेल्या तिच्या आजोबांनी लागलीच पुढचा प्रश्न केला, ‘‘आणि दिसला तर कुणाचा त्ये बी कळतंय व्हय?’’

दोन्ही प्रश्न मार्मिक आहेत. पहिला विज्ञानाचा आहे, दुसरा न्यायाचा. त्या संध्याकाळी वेळेअभावी दिलेले उत्तर त्रोटक होते. ते येथे सविस्तर देण्याचा प्रयत्न केला आहे.

दोन प्रकारचे राखणदार

१९७५-७६ या वर्षी उपग्रहाद्वारे दूरदर्शन शिक्षणाचा मोठा प्रयोग आपल्या देशात झाला. कर्नाटकासह सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना त्या वेळी उपग्रहामार्फत चित्रे दिसू लागली. पुढे १७ मार्च १९८८ रोजी आय. आर. एस.-१ए हा भारतीय दूरसंवेदन उपग्रह अवकाशात गेला आणि उलट दिशेचे कामही नियमितपणे सुरू झाले; उपग्रह आपल्या शेताची, रानाची व जलाशयांची चित्रे घेऊ लागले.

आग आणि धूर यांवर नजर ठेवणारे उपग्रह मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार भूस्थिर उपग्रहांचा. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून ते पृथ्वीच्याच गतीने फिरतात, म्हणून आपल्या दृष्टीने ते एकाच जागी स्थिर असतात. ८ सप्टेंबर २०१६ रोजी सोडलेला इन्सॅट-३डीआर आणि १७ फेब्रुवारी २०२४ रोजी सोडलेला इन्सॅट-३डीएस हे या प्रकारचे होत. दर अर्ध्या तासाला संपूर्ण देशाचे चित्र घेण्याची योजना अशा उपग्रहांवर असते. शेतात मचाणावर बसलेल्या राखणदारासारखे त्यांचे काम आहे. सगळे शिवार सतत नजरेखाली असते, पण लांबून.

दुसरा प्रकार ध्रुवीय कक्षेतील उपग्रहांचा. सातशे ते साडेआठशे किलोमीटर उंचीवरून, उत्तर-दक्षिण फेऱ्या घालीत ते पृथ्वीचा एकेक पट्टा पाहत जातात. १९९९ साली सोडलेला टेरा व २००२ साली सोडलेला अ‍ॅक्वा या उपग्रहांवरील ‘मोडिस’ नावाच्या उपकरणाने वणव्यांच्या नोंदीचा पाया घातला. त्यानंतर २०११, २०१७ व २०२२ साली सोडलेल्या उपग्रहांवर ‘व्हिर्स’ हे अधिक तीक्ष्ण नजरेचे उपकरण आले. या उपग्रहांची फेरी आपल्याकडे साधारणतः दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास असते. हे गस्त घालणारे जागले होत. ते जवळून पाहतात, परंतु ठरलेल्या वेळीच.

आग कशी दिसते?

उपग्रहाला जाळाच्या ज्वाला आपल्या डोळ्यांना दिसतात तशा दिसत नाहीत. तो उष्णता पाहतो. लोहाराच्या भट्टीवर ज्यांनी हात शेकले आहेत, त्यांना हे तत्त्व पटकन समजेल. लोखंड तापू लागले की प्रथम ते काळेच दिसते, तरी त्याची धग अंगाला लागते. अधिक तापले की ते तांबडे होते, आणखी तापले की पांढरे. पदार्थ जितका अधिक तापलेला, तितकी त्यातून बाहेर पडणाऱ्या किरणांची तरंगलांबी आखूड, असा हा निसर्गनियम आहे.

सुमारे २७ अंश सेल्सिअस तापमानाची जमीन मुख्यतः १० मायक्रोमीटरच्या आसपास तरंगलांबीचे अवरक्त किरण सोडते. पाचशे अंशांच्या पुढे तापलेली आग मात्र ४ मायक्रोमीटरच्या जवळपास अत्यंत प्रखर असते. उपग्रहावरील उपकरण या दोन्ही तरंगलांबींवर एकाच वेळी जमिनीकडे पाहते. एखादी जागा ४ मायक्रोमीटरवर शेजारच्या जागांपेक्षा फारच झळाळत असेल आणि १० ते ११ मायक्रोमीटरवर तितकी वेगळी दिसत नसेल, तर तेथे आग असण्याचा संभव मोठा, असे गणित संगणक करतो. अशा जागेला ‘उष्णबिंदू’ म्हणतात.

येथे बिंदू हा शब्द फसवा आहे. उपग्रहाचे चित्र चौकटींचे बनलेले असते आणि एका चौकटीच्या आत काय आहे हे त्याला वेगळे सांगता येत नाही. मोडिसची चौकट सर्वसाधारणपणे एक किलोमीटर लांबी-रुंदीची, म्हणजे सुमारे २४७ एकरांची. व्हिर्सची ३७५ मीटरांची, म्हणजे सुमारे ३५ एकरांची. इन्सॅटची उष्णता पाहणारी चौकट चार किलोमीटरांची, म्हणजे जवळजवळ चार हजार एकरांची. कित्येक गावांचे सगळे शिवार तीत मावेल.

असे असूनही आग इतकी झळाळते की मोडिसला सुमारे एक हजार चौरस मीटर, म्हणजे अंदाजे दहा गुंठे जळत असले तरी पुष्कळदा त्याची चाहूल लागते. दहा हजार गुंठ्यांत दहा गुंठे, म्हणजे हजारात एक भाग! काळोख्या माळावर एखादी चूड पेटली की ती कोसावरून दिसते, पण ती नेमकी कोणत्या झाडाखाली आहे ते सांगता येत नाही, तसाच हा प्रकार आहे.

धूर कसा ओळखतात?

घनदाट झाडीत पालापाचोळा जमिनीलगत धुमसत असेल तर त्याची उष्णता वरच्या पर्णछत्राखाली झाकली जाते. आपल्या सह्याद्रीतील वणवे बहुतांशी असे जमिनीवरून सरकणारे असतात. अशा वेळी उष्णबिंदू उमटत नाही. मात्र धूर झाडांच्या शेंड्यांवर येतोच. म्हणूनच आगीबरोबर धुराचाही माग घेणे आवश्यक ठरते.

धूर आणि ढग यांतील भेद पुढील खुणांवरून ओळखता येतो. धुराचा लोट एका टोकाशी निमुळता असून वाऱ्याच्या दिशेने रुंदावत जातो; ढगाला असे मूळ नसते. धुराचा रंग निळसर, करडा वा पिवळट असतो आणि त्याच्या कडा अस्पष्ट असतात. दाट ढग पांढरा शुभ्र असतो आणि त्याची सावली जमिनीवर पडते. तिसरी खूण विशेष उपयोगाची आहे. धुराचे बहुतेक कण एका मायक्रोमीटरहूनही बारीक असल्यामुळे दृश्य प्रकाश ते विखुरतात, परंतु सुमारे २ मायक्रोमीटरच्या अवरक्त किरणांना ते फारसे अडवीत नाहीत. साहजिकच त्या किरणांतून घेतलेल्या चित्रात धूर जवळजवळ नाहीसा होतो आणि खालची जमीन दिसते. ढगातील पाण्याचे थेंब मोठे असल्याने तो दोन्ही चित्रांत कायम राहतो.

याखेरीज १३ ऑक्टोबर २०१७ रोजी सोडलेल्या सेंटिनेल-५पी या युरोपीय उपग्रहावरील उपकरण हवेतील कार्बन मोनॉक्साइड व नायट्रोजन डायऑक्साइड यांचे प्रमाण मोजते. डोळ्यांना न दिसणारा धुराचा अंशही यामुळे नकाशावर उतरतो.

धुराचा माग : वर्गासाठी एक उदाहरण

शिक्षकांनी फळ्यावर सोडवून घेण्याजोगे एक काल्पनिक उदाहरण देतो. दुपारी बारा वाजताच्या भूस्थिर चित्रात धुराच्या लोटाचे टोक आगीपासून ८ किलोमीटरांवर आहे. साडेबाराच्या चित्रात ते १४ किलोमीटरांवर, एक वाजताच्या चित्रात २० किलोमीटरांवर पोहोचले आहे. अर्ध्या तासात ६ किलोमीटर, म्हणजे ताशी १२ किलोमीटर हा धुराचा वेग झाला. वारा बदलला नाही तर आगीपासून ३२ किलोमीटरांवरील गावी हा धूर दुपारी दोन वाजता पोहोचेल. आगीची जागा, लोटाची दिशा आणि दोन चित्रांमधील अंतर एवढ्या तीन गोष्टींवर धुराचा अंदाज बांधता येतो. हवामान खात्याच्या वाऱ्याच्या अंदाजाची जोड दिली की तो अधिक विश्वसनीय होतो.

आपल्या भागात वाऱ्याचा स्वभाव जाणून घेणे अगत्याचे आहे. फाल्गुन-चैत्रात सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो, तर दुपारनंतर समुद्रावरील वारा घाट चढून वर येतो. त्यामुळे घाटमाथ्यावरील एकाच वणव्याचा धूर सकाळी गोव्याच्या बाजूस उतरू शकतो आणि सायंकाळी बेळगावच्या दिशेने येऊ शकतो. थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीलगतची हवा थंड व वरची हवा तुलनेने उबदार असते. भांड्यावर झाकण ठेवावे तसा हा वरचा थर धुराला खालीच दाबून धरतो. रात्री पेटविलेल्या पाचटाचा धूर सकाळी रस्त्यावर व वस्तीत साचलेला आढळतो, त्याचे कारण हेच.

उपग्रहाला काय दिसत नाही?

विज्ञानाची थोरवी सांगताना त्याच्या मर्यादा झाकून ठेवू नयेत. ढगाखालची आग उपग्रहाला दिसत नाही. दोन फेऱ्यांच्या मध्यंतरी पेटून विझलेली आग ध्रुवीय उपग्रहाच्या नोंदीत येत नाही. उसाच्या फडातील पाचट तासा-दोन तासांत जळून जाते आणि वारा पडल्यावर, म्हणजे दिवस कलताना ते पेटविण्याची रीत आहे. दुपारी दीडची गस्त तेव्हा कधीच पुढे गेलेली असते. पंजाब-हरियाणातील भाताचे तण दुपारच्या फेरीनंतर जाळले जात असल्याचे निरीक्षण २०२४ साली चर्चेत आले होते. उष्णबिंदूंची संख्या कमी दिसली म्हणून आगी कमी झाल्याच, असे अनुमान काढता येत नाही.

उलटपक्षी, प्रत्येक उष्णबिंदू म्हणजे वणवा नव्हे. कारखान्याचे तप्त धुराडे, वीटभट्टी किंवा उन्हात चकाकणारे पत्र्याचे छप्पर यांमुळेही संगणकाची फसगत होऊ शकते. एकाच जागी दिवसेंदिवस बिंदू उमटत असेल तर तेथे भट्टी असण्याचीच शक्यता अधिक.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे. उपग्रह धुराचा संपूर्ण थर वरून पाहतो. तो नाकाच्या उंचीवर किती आहे हे त्याला नेमके सांगता येत नाही. त्यासाठी जमिनीवरील मापनयंत्रच लागते. २.५ मायक्रोमीटर व त्याहून सूक्ष्म कणांचे प्रमाण चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असे २००९ सालच्या राष्ट्रीय मानकांत नमूद आहे. हे कण फुप्फुसात खोलवर शिरतात आणि दमेकरी, वृद्ध, गर्भवती स्त्रिया व बालके यांना त्यांचा उपद्रव अधिक होतो.

२०२३ चा धडा

मार्च २०२३ च्या पूर्वार्धात गोव्यातील सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्य व लगतच्या डोंगरांत एकामागून एक वणवे पेटले. कड्याकपारींमुळे माणसांना तेथे पोहोचणे दुष्कर होते. वन कर्मचारी, अग्निशामक दल व ग्रामस्थ यांच्या जोडीला हवाई दल व नौदल यांची हेलिकॉप्टरे पाणी घेऊन धावली. या काळात उष्णबिंदूंच्या उपग्रहीय नोंदी मिळत होत्या. परंतु प्रत्यक्ष आग विझविण्यासाठी पायी रान तुडविण्यावाचून गत्यंतर नव्हते.

म्हादई अभयारण्याच्या पूर्वेस खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य आहे. सुमारे १९० चौरस किलोमीटरांचे हे क्षेत्र २०११ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. बारापेडे गुहांतील दुर्मीळ वटवाघळांसाठी ते ख्यात आहे आणि म्हादई नदीचा उगमही याच रानात होतो. गोवा, कर्नाटक व महाराष्ट्र या तीन राज्यांच्या सीमा या डोंगरांत एकमेकींना भिडतात. नकाशावरची रेषा वणव्याला अडवीत नाही. यास्तव एका बाजूला लागलेल्या आगीची वर्दी दुसऱ्या बाजूला तत्काळ मिळणे, हे शेजारधर्माचे आणि शासकीय कर्तव्याचेही काम आहे.

अशी वर्दी देण्याची व्यवस्था आज उपलब्ध आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रात उपग्रहाकडील माहितीवर प्रक्रिया होते. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था तीवर वनक्षेत्रांच्या सीमा बसवून संबंधितांना भ्रमणध्वनीवर संदेश पाठविते. २००४ सालापासून वणव्यांच्या सूचना देण्याचे हे कार्य चालू झाले. वन खात्याबाहेरील नागरिकांनाही या संदेशांसाठी नावनोंदणी करता येते. ग्रामपंचायतीचे सदस्य, वन समित्यांचे पदाधिकारी व शिक्षक यांनी ती अवश्य करावी.

धूर कुणाचा?

आता आजोबांच्या प्रश्नाकडे वळू. व्हिर्सच्या ३५ एकरांच्या चौकटीत आपल्याकडील लहान लहान धारणेमुळे दहा-पंधरा खातेदारांची शेते येऊ शकतात. आग त्यांपैकी कोणाच्या शेतात लागली, ती लावली की शेजारून आली, हे उपग्रह सांगू शकत नाही. १० मीटर चौकटीचे चित्र घेणाऱ्या सेंटिनेल-२ सारख्या उपग्रहामुळे जळून काळे पडलेले शेत नंतर ओळखता येते. तरीसुद्धा काडी कोणी ओढली याचा पुरावा त्यात नसतो. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. अधिकाऱ्यांनी उष्णबिंदू ही केवळ वर्दी समजावी. जागेवर जाऊन पंचनामा व चौकशी केल्याविना कोणालाही दोषी धरू नये. आणि ग्रामस्थांनी, आपले नाव आकाशातून दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. अभयारण्यात आग लावणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३० अन्वये प्रतिबंधित प्रकार आहे. शिवाय शेजाऱ्याचा उभा ऊस वा गंजी जळाली तर होणारे नुकसान कोणत्याही कायद्याने भरून निघत नाही.

धूर होऊच नये म्हणून

खरा उपाय आग शोधण्यात नसून ती टाळण्यात आहे. हेक्टरी सुमारे ८ ते १० टन पाचट निघते आणि त्यात चाळीस किलोंच्या आसपास नत्र असते. पाचट जाळले म्हणजे नत्र आणि सेंद्रिय कर्ब ही बहुतांश हवेत जातात. तेच पाचट खोडव्याच्या सरीत दाबून बसवावे, उसाचे बुडखे जमिनीलगत छाटावेत, आणि टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू खत टाकून पाणी द्यावे. पाचट कुजून खत होते, तणांना आळा बसतो आणि ओल टिकून राहिल्याने पाण्याची पाळी लांबविता येते. बेळगाव येथील निजलिंगप्पा साखर संस्था तसेच जवळच्या कृषी विभागाच्या कार्यालयातून याविषयी मार्गदर्शन घ्यावे.

डोंगराळ भागात भाजावळीऐवजी गादीवाफ्यावर तरवा करणे हितावह ठरते. रानालगतच्या जाळरेषा फाल्गुनापूर्वी साफ कराव्यात. रानात धूर दिसताच वनरक्षकास कळवावे किंवा ११२ या क्रमांकावर वर्दी द्यावी; स्थळ सांगताना गाव, पाणवठा वा देवराई अशी ठळक खूण सांगावी. शाळांनी दररोज ठरावीक वेळी धुराची दिशा व वाऱ्याची दिशा वहीत टिपून ठेवण्याचा उपक्रम हाती घ्यावा. एका हंगामाची अशी वही उपग्रहाच्या नोंदीशी ताडून पाहिली तर मुलांना भूगोल व विज्ञान यांचा जिवंत पाठ मिळेल आणि दोन फेऱ्यांच्या मधली, उपग्रहाच्या नजरेतून निसटलेली आग त्या वहीत सापडेल.

तेव्हा त्या मुलीला उत्तर असे : होय, धूर पुष्कळदा दिसतो, पण ढग, वेळ आणि आगीचा आकार यांवर ते अवलंबून असते. तिच्या आजोबांना उत्तर असे : धूर कुणाचा हे आकाशातून कळत नाही, ते गावालाच ठाऊक असते. उपग्रह वर्दी देऊ शकतो. रान राखण्याचे काम मात्र त्याखाली राहणाऱ्या माणसांचेच आहे.